आज तुमच्या हातात जो फोन आहे, तो १९७८ सालीच रेडिओवर सांगून गेलेला गडी म्हणजे डग्लस ॲडम्स

प्रत्येकाच्या घरात एक ड्रॉवर असतो. त्यात जुने चार्जर असतात. नोकियाचा जाड पिनचा, नोकियाचाच बारीक पिनचा, कुठल्या तरी कॅमेऱ्याचा, एका मेलेल्या राउटरचा आणि दोन असे की ते कशाचे आहेत हे घरात कुणालाच ठाऊक नाही. तरी टाकून द्यायची हिंमत होत नाही. एकेकाळी लग्नाच्या हॉलवर पाहुणे नवरा-नवरीपेक्षा जास्त बारीक पिनचा चार्जर शोधत फिरायचे.

या ड्रॉवरवर १९९६ साली एका माणसाने जाहीर संताप केला होता. इंग्लंडच्या मॅकयूझर मासिकात त्याने अख्खा लेख लिहिला. विषय एकच, प्रत्येक कंपनी आपल्या वस्तूला वेगळा अडॅप्टर का देते? व्होल्टेज वेगळं, पिन वेगळी, आणि हरवला की नवा घ्यायला पैसे वेगळे. प्रवासाला निघताना सामानात कपड्यांपेक्षा हे काळे ठोकळे जास्त होतात, आणि नेमका हवा तोच घरी राहतो. त्यावर त्याने उपायही सुचवला. सगळ्या छोट्या उपकरणांसाठी डीसी करंटचं एकच स्टँडर्ड ठरवा. असं एक स्टँडर्ड जगात अपघाताने तयार झालंच आहे, हेही त्याने दाखवून दिलं. ते म्हणजे गाडीतलं सिगारेट लायटरचं भोक. सिगारेट पेटवायला केलेली ती जागा लोक फोन चार्ज करायला वापरू लागले होते.

युरोपियन युनियनने मोबाईल, टॅब्लेट, कॅमेरे या सगळ्यांना एकच यूएसबी-सी पोर्ट सक्तीचं केलं ते २८ डिसेंबर २०२४ पासून. म्हणजे लेखानंतर २८ वर्षांनी. लॅपटॉपला तर त्याहून पुढची, एप्रिल २०२६ ची तारीख दिली होती.

लेख लिहिणारा माणूस इंजिनिअर नव्हता, कुठल्या कंपनीचा मालकही नव्हता. तो विनोदी लेखक होता. नाव डग्लस ॲडम्स.

द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी हे नाव ऐकलं नसेल तरी ४२ हा आकडा तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असेल. जगण्याचा अर्थ काय, असं गुगलला किंवा सिरीला विचारलं की ४२ येतं ते याच्यामुळे. त्याच्या गोष्टीत डीप थॉट नावाचा एक महाप्रचंड कॉम्प्युटर ७५ लाख वर्षं गणित करतो आणि शेवटी हे उत्तर देतो. मग लक्षात येतं की मूळ प्रश्न काय होता हे कुणी नीट विचारलंच नव्हतं.

तर हा गडी ११ मार्च १९५२ ला केंब्रिजमध्ये जन्मला. पूर्ण नाव डग्लस नोएल ॲडम्स, म्हणजे आद्याक्षरं डीएनए. पुढच्याच वर्षी त्याच गावात वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना शोधली. यावरचा विनोद त्याने आयुष्यभर पुरवून वापरला. आईवडील लहानपणीच वेगळे झाले. तो आईबरोबर एसेक्समधल्या ब्रेंटवूडला वाढला. उंची वाढत वाढत सहा फूट पाच इंचांवर गेली. शाळेत एका मास्तरांनी त्याला निबंधात दहापैकी दहा मार्क दिले होते, आणि त्या मास्तरांनी पूर्ण मार्क दिलेला तो एकटाच. पुढे लिहिताना हातपाय गळाले की तो हे दहा मार्क आठवायचा.

१९७१ साली तो युरोपात अंगठा दाखवत, मिळेल त्या गाडीने फिरत होता. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकजवळच्या शेतात रात्री पिऊन आडवा पडला होता. पिशवीत युरोप स्वस्तात कसा फिरावा याचं एक गाइड होतं. वर तारे. आकाशगंगेचंही असं गाइड कुणीतरी लिहायला हवं, असं त्याच्या डोक्यात आलं. हा किस्सा त्याने पुढे इतक्या वेळा सांगितला की शेवटी त्याला मूळ घटना आठवेना, फक्त सांगितलेला किस्सा आठवायचा.

केंब्रिजमधून इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन १९७४ ला बाहेर पडल्यावर काही वर्षं मात्र हाल झाले. माँटी पायथनच्या ग्रॅहॅम चॅपमनबरोबर थोडं लिहिलं, पण पोट भरेना. मग कोंबड्यांची खुराडी साफ केली, हॉस्पिटलमध्ये हमालाचं काम केलं, कतारच्या एका श्रीमंत कुटुंबाचा बॉडीगार्ड म्हणून हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये रात्र रात्र बसला. पंचविशीपर्यंत हातात सांगण्यासारखं काही नव्हतं.

८ मार्च १९७८ च्या रात्री साडेदहाला बीबीसी रेडिओ ४ वर हिचहायकर्स गाइडचा पहिला भाग लागला. ही वेळ कुणी ऐकणार नाही अशीच होती. तरी तोंडातोंडी गाजावाजा झाला आणि पुढच्या वर्षी आलेलं पुस्तक थेट पहिल्या नंबरवर गेलं.

गोष्टीत अंतराळात भटकणाऱ्यांच्या हातात एक वस्तू असते, तिचंच नाव गाइड. दिसायला मोठ्या कॅल्क्युलेटरसारखी. बारीक बारीक बटणं, सुमारे चार इंचाचा स्क्रीन आणि त्यावर लाखो पानांतलं हवं ते पान क्षणात हजर. कव्हरवर मोठ्या अक्षरांत न घाबरण्याचा सल्ला. छापील स्वरूपात एवढी माहिती न्यायची तर कित्येक इमारती उचलून फिरावं लागेल, म्हणून ती इलेक्ट्रॉनिक. साल पुन्हा पाहा. १९७८. तेव्हा ॲपलची आयबीएमशी टक्कर व्हायची होती, कारण आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटरच तीन वर्षं पुढे होता.

पण ॲडम्सला फक्त भविष्य सांगणारा ज्योतिषी समजणं चूक आहे. त्याचं खरं कौशल्य वेगळं होतं. नवी वस्तू वापरणाऱ्याला कसा त्रास देईल, हे त्याला आधीच दिसायचं.

त्याच्या अंतराळयानात एक रेडिओ आहे. आधी रेडिओला बटणं होती, मग नुसता स्पर्श पुरायचा, आणि आता यंत्राच्या दिशेने हात हलवला की स्टेशन बदलतं. बोटांचे कष्ट वाचले, हे खरं. पण एकच कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकायचा असेल तर अंग न हलवता पुतळ्यासारखं बसावं लागतं. हात हलवून चालणारे टीव्ही आणि फोन पुढे बाजारात खरोखर आले, आणि त्यांच्या मालकांनी नेमका हाच अनुभव घेतला.

त्याच यानात चहाचं एक यंत्र आहे. ते तुमची जीभ तपासतं, पचन तपासतं, मेंदूतल्या चवीच्या केंद्रांकडे सिग्नल पाठवतं, आणि एवढं सगळं करून प्रत्येकाला एकच पेय देतं, ज्याचा चहाशी जवळपास काहीच संबंध नसतो. दारं उघडताना आनंदाने सुस्कारे टाकतात, कारण कंपनीने त्यांना स्वभाव बसवलाय. लिफ्टला भविष्य दिसतं, म्हणून ती घाबरून तळघरात रुसून बसते. मार्विन नावाच्या रोबोटला ग्रहाएवढा मेंदू दिलाय आणि काम काय, तर दार उघड, पाहुण्यांना घेऊन ये. तो कायम डिप्रेशनमध्ये असतो. हे सगळं बनवणाऱ्या सिरियस सायबरनेटिक्स कॉर्पोरेशनचं तक्रार खातं हाच तिचा एकमेव नफ्यात चालणारा विभाग. कस्टमर केअरच्या फोनवर अर्धा तास गाणं ऐकलेल्या कुणालाही हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

स्वतः ॲडम्स मात्र गॅजेटचा पक्का नादी. १९८२ मध्ये त्याने फक्त टायपिंगसाठी असलेलं वर्ड प्रोसेसरचं यंत्र घेतलं. १९८३ ला सिनेमाच्या पटकथेसाठी लॉस एंजेलिसला होता, तेव्हा डेकचा रेनबो. मग आणखी काही. आणि १९८४ ला मॅकिंटॉश.

हा मॅक त्याने पहिल्यांदा पाहिला तो अमेरिकेत, इन्फोकॉम या गेम कंपनीच्या ऑफिसमध्ये. १२८ केबी मेमरी, हार्डडिस्क नाही, एक फाइल कॉपी करायला फ्लॉपी काढघाल करत बसायचं. नंतर त्याने सरळ कबूल केलं की आपण त्या यंत्राच्या प्रेमात पडलोच नव्हतो, कारण ते संथ आणि कमजोरच होतं. प्रेमात पडलो ते त्या यंत्रामागच्या कल्पनेच्या. ब्रिटनमध्ये मॅक विकत घेणारा पहिला माणूस आपण, असं तो सांगायचा. दुसरा त्याचा दोस्त, अभिनेता स्टीफन फ्राय. दोघांचे तासन् तास नवीन सॉफ्टवेअर लावण्यात, फाइलींची अदलाबदल करण्यात आणि मशीन का बंद पडलं ते शोधण्यात जायचे.

इन्फोकॉमकडे तो गेला होता हिचहायकर्सचा गेम करायला. स्टीव्ह मेरेट्झकी या डिझायनरबरोबर त्याने तो १९८४ मध्ये केला. त्यात एकही चित्र नाही, सगळा मजकूर. तुम्ही वाक्य टाइप करायचं आणि गेम उलट टोमणे मारणार. एका यंत्रातून बेबल फिश नावाचा मासा काढायचं कोडं इतकं छळणारं होतं की ते सुटलेल्यांसाठी कंपनीने टी-शर्ट विकायला काढले. गेमच्या साडेतीन लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढे १९९७ ला अल्टाव्हिस्टाने इंटरनेटवर मोफत भाषांतराची सोय आणली, तिला याच माशाचं नाव दिलं.

या सगळ्यात लिहायचं राहून जायचं, आणि इथे गोष्ट जरा गंभीर होते. ॲडम्सला लिहिण्याची अक्षरशः भीती वाटायची. तासन् तास बाथटबमध्ये पडून राहायचा. डेडलाइन हुकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पहिलं पुस्तक इतकं लांबलं की प्रकाशकांनी फोन करून, आहे ते पान पूर्ण कर आणि दे, असं सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. म्हणून ते पुस्तक असं मध्येच तुटल्यासारखं संपतं. चौथ्या पुस्तकाच्या वेळी, १९८४ ला, पॅन प्रकाशनाच्या संपादकाने त्याला लंडनच्या हॉटेलात कोंडलं आणि पुस्तक पूर्ण होईपर्यंत स्वतः त्याच्याबरोबर मुक्काम ठोकला. हा संपादक म्हणजे दिल्लीत जन्मलेले सनी मेहता. तेच मेहता पुढे न्यूयॉर्कला क्नॉफ प्रकाशनाचे प्रमुख झाले.

गॅजेट हे त्याच्यासाठी लिहिण्यापासून पळायचं सगळ्यात सभ्य निमित्त होतं. हाताने दहा सेकंदांत होणारं काम आपोआप व्हावं म्हणून तो अख्खा दिवस प्रोग्रॅम लिहीत बसायचा, आणि हे त्याने स्वतःच छापून सांगितलंय. फोनची होमस्क्रीन लावण्यात रविवार घालवणाऱ्यांनी यात आपला चेहरा पाहायला हरकत नाही.

पण या नादातूनच १९८७ ला डर्क जेंटली ही कादंबरी आली. ती त्याने मॅकवर लिहिली, आणि तिची अक्षरजुळणीही स्वतःच मॅक आणि लेझर प्रिंटरवर केली. तिच्यात दोन भन्नाट सॉफ्टवेअर आहेत. एक कंपनीच्या जमाखर्चाचं संगीत करतं. दुसऱ्याचं नाव रीझन. त्याला तुम्ही आधी निष्कर्ष सांगायचा, मग ते त्या निष्कर्षापर्यंत नेणारी पटण्यासारखी कारणं शोधून देतं. गोष्टीत हे सॉफ्टवेअर पेंटॅगॉन सगळ्या हक्कांसकट विकत घेतं. चॅटबॉटकडून हवं तेच उत्तर गोड भाषेत काढून घेणाऱ्या आजच्या वाचकाला हे प्रकरण १९८७ पेक्षा जास्त टोचेल.

१९८५ ला तो मादागास्करला ॲय-ॲय हा नामशेष होत चाललेला लेमूर शोधायला गेला, आणि त्यातून आयुष्याला वेगळंच वळण लागलं. प्राणिशास्त्रज्ञ मार्क कारवर्डाइनबरोबर तो काकापो पोपट, कोमोडो ड्रॅगन, झाईरमधले उत्तरेकडचे पांढरे गेंडे आणि चीनच्या यांगत्से नदीतला डॉल्फिन पाहायला जगभर फिरला. त्यावरचं लास्ट चान्स टू सी हे पुस्तक १९९० ला आलं. स्वतःच्या पुस्तकांत त्याला सगळ्यात आवडतं हेच होतं. १९९४ ला गेंडे वाचवायच्या मोहिमेसाठी तो गेंड्याचा जड पोशाख घालून किलिमांजारोच्या वाटेवर काही अंतर चाललाही. यांगत्सेतला तो डॉल्फिन नंतर २००६ च्या मोठ्या शोधमोहिमेत एकही सापडला नाही.

१९९० च्या सप्टेंबरात बीबीसीवर त्याची हायपरलँड नावाची फिल्म लागली. एक माणूस निरर्थक टीव्हीला कंटाळून झोपतो आणि स्वप्नात एक सॉफ्टवेअरचा नोकर त्याला भेटतो. या शब्दावरून त्या चित्रावर, चित्रावरून आवाजावर, हवं तिकडे उड्या मारत माहितीत कसं फिरायचं ते हा नोकर शिकवतो. तेव्हा जगात एकही वेबसाइट सुरू झालेली नव्हती. टिम बर्नर्स-ली यांची पहिली वेबसाइट स्वित्झर्लंडच्या सर्नमध्ये त्याच वर्षाच्या अखेरीस उभी राहिली.

मतं मांडताना तो कुणाला घाबरायचा नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बाजारात आलं. जगभर बँडबाजा, मध्यरात्री दुकानांसमोर रांगा. ॲडम्सने गार्डियनमध्ये लिहिलेल्या लेखाचा रोख असा होता की लोकांना चिखलातून बाहेर काढायला बिल गेट्स तारणहार बनून आलेत खरे, पण दुय्यम माल विकून लोकांना त्या चिखलात घातलं कुणी? यात तो निःपक्षपाती नव्हता, हे मान्यच केलं पाहिजे. तो ॲपलचा उघड भक्त होता, पुढे ॲपलने त्याला आपल्या निवडक चेहऱ्यांच्या यादीतही घेतलं. आणि नियतीचा विनोद बघा, १९९८ ला त्याच्या कंपनीचा स्टारशिप टायटॅनिक हा गेम आला तो आधी विंडोजवर. मॅकवाल्यांना आणखी वर्षभर थांबावं लागलं.

ही कंपनी म्हणजे द डिजिटल व्हिलेज. १९९६ मध्ये मित्रांबरोबर काढलेली. पुस्तकात लिहिलेलं गाइड आता खरोखर बनवायचं, असा त्याचा हट्ट होता. २८ एप्रिल १९९९ ला एचटूजीटू ही वेबसाइट सुरू झाली. जगातल्या कुणीही पृथ्वीवरच्या कुठल्याही गोष्टीबद्दल नोंद लिहायची, इतरांनी ती सुधारायची. चहा कसा करावा इथपासून गावातलं बरं हॉटेल कुठलं इथपर्यंत. विकिपीडिया सुरू झाला जानेवारी २००१ मध्ये. म्हणजे ॲडम्स जवळपास पावणेदोन वर्षं पुढे होता. पण डॉटकॉमचा फुगा फुटला, कंपनीकडचे पैसे संपले. २००१ च्या सुरुवातीला ती वेबसाइट बीबीसीकडे गेली. ज्या वस्तूची कल्पना त्याने सगळ्यांच्या आधी केली, ती उभी करताना त्याचा पैसा, आणि पुस्तकं लिहायची कित्येक वर्षं, दोन्ही गेलं.

१९९९ च्या ऑगस्टमध्ये संडे टाइम्समध्ये त्याने इंटरनेटला घाबरणाऱ्यांसाठी लेख लिहिला. त्यातलं एक निरीक्षण आजही व्हॉट्सॲपवर फिरतं, बहुतेक वेळा त्याच्या नावाशिवाय. तुम्ही जन्मलात तेव्हा जे जगात होतं ते तुम्हाला नैसर्गिक वाटतं. तेव्हापासून तिशीपर्यंत जे येतं ते थरारक वाटतं, त्यात करिअरही होतं. आणि तिशीनंतर जे येतं ते संस्कृती बुडवायला आलंय असं वाटतं. त्याच लेखात खुर्चीचं उदाहरण आहे. खुर्चीला कुणी टेक्नॉलॉजी म्हणत नाही, कारण आपण नुसतं बसतो. पण कधीकाळी खुर्चीला पाय किती असावेत, उंची किती असावी हेही ठरायचं होतं आणि खुर्च्या तेव्हा क्रॅश व्हायच्या. कॉम्प्युटर अजून त्या अवस्थेत आहे, एवढंच.

हे लिहिलं तेव्हा तो सत्तेचाळीसचा होता. स्वतःच्याच नियमाप्रमाणे त्याने तेव्हा इंटरनेटला शिव्या घालायला हव्या होत्या.

त्याच वर्षी बायको जेन बेल्सन आणि पाच वर्षांची मुलगी पॉली यांच्यासह तो कॅलिफोर्नियाला राहायला गेला. हिचहायकर्सवर हॉलिवूडचा सिनेमा व्हावा म्हणून तो जवळपास वीस वर्षं झगडत होता. ११ मे २००१ ला मॉन्टेसिटोच्या जिममध्ये व्यायाम करताना हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. वय ४९.

पाच महिन्यांनी पहिला आयपॉड आला. सहा वर्षांनी आयफोन. सिनेमा २००५ मध्ये लागला. आयुष्यभर ज्या चपट्या, खिशात मावणाऱ्या, सगळं सांगणाऱ्या वस्तूचा त्याने पाठलाग केला, ती हातात घेऊन तिच्या चार्जरला शिव्या घालायची संधी त्याला मिळाली नाही.

त्याच्या मॅक कॉम्प्युटरमध्ये हजारो फाइल्स सापडल्या. अर्धवट कादंबरीचे वेगवेगळे खर्डे, लेख, भाषणं, पत्रं. त्यातून निवडून २००२ मध्ये द सॅल्मन ऑफ डाउट हे पुस्तक निघालं. चार्जरवरचा तो लेख त्यातच वाचायला मिळतो. गेल्यानंतर दोन आठवड्यांनी, २५ मे ला, चाहत्यांनी पहिला टॉवेल डे साजरा केला, कारण त्याच्या गोष्टीत प्रवाशाला सगळ्यात उपयोगी वस्तू टॉवेल असते. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी जगभर लोक खांद्यावर टॉवेल टाकून ऑफिसला जातात. २०१८ मध्ये इलॉन मस्कने अंतराळात पाठवलेल्या लाल टेस्लाच्या डॅशबोर्डवर गाइडच्या कव्हरवरचे ते दोन शब्द होते.

लंडनच्या हायगेट स्मशानभूमीत त्याची समाधी आहे. तिथे येणारे लोक फुलांऐवजी पेन ठेवून जातात. आणि २००५ मध्ये एका लघुग्रहाला त्याचं नाव दिलं गेलं. तोच का निवडला? कारण सापडला तेव्हा त्याला जो तात्पुरता नंबर मिळाला होता, त्यात ॲडम्स गेला ते वर्ष होतं, त्याची आद्याक्षरं होती आणि शेवटी एक आकडा होता. २००१ डीए ४२.